घट कशाने आली? न्यूट्रिनोच्या कोड्याची चौकशी



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत महागाई भत्त्यावर बोलावे, किमान वेतनावर बोलावे, हे रीतीला धरून झाले. यंदा मी न्यूट्रिनो नावाच्या कणावर बोलणार, असे कळल्यावर अकोल्याच्या एका स्नेह्यांनी विचारले, "त्या कणांचीही युनियन काढली की काय?" युनियन काढलेली नाही. परंतु त्यांच्या हजेरीपटात फार मोठी तूट आली होती. ती कशाने आली याची चौकशी पस्तीस-छत्तीस वर्षे चालली, आणि ती ज्या पद्धतीने चालली ती पद्धत आपणां सर्वांच्या उपयोगाची आहे. मी विद्यापीठात शिकलेला नाही. जे थोडेफार कळले ते सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांतून आणि जाणत्यांना प्रश्न विचारून कळले. म्हणून गणित बाजूला ठेवून, मुद्द्याला मुद्दा लावीत सांगणार आहे.

हा कण कोण?

काही किरणोत्सर्गी पदार्थांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा ऊर्जेचा हिशेब जुळत नाही; थोडी ऊर्जा कोठे तरी नाहीशी होते, असे शंभर वर्षांपूर्वी दिसून आले होते. ऊर्जा टिकून राहते हा नियमच येथे मोडत असेल काय, अशी शंका नील्स बोर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञालाही आली. १९३० साली वोल्फगांग पाउली यांनी वेगळा खुलासा सुचविला: नियम मोडलेला नाही, एक न दिसणारा कण ती ऊर्जा घेऊन निघून जातो. हाच न्यूट्रिनो. त्याच्यावर विद्युतभार नाही, वजन जवळजवळ नाही, आणि तो पदार्थाशी इतका क्वचित झगडतो की अख्खी पृथ्वी भेदून पलीकडे जातो. १९५६ साली अमेरिकेत क्लाइड कोवान व फ्रेडरिक राइनेस यांनी अणुभट्टीजवळ तो प्रत्यक्ष नोंदविला. पाउलींचा खुलासा खरा ठरायला सव्वीस वर्षे लागली.

पुढे कळले की न्यूट्रिनो एकच नाही, त्याचे तीन प्रकार आहेत. इलेक्ट्रॉनच्या जोडीचा एक, म्यूऑन या इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या जोडीचा दुसरा, आणि टाऊ या त्याहूनही जड कणाच्या जोडीचा तिसरा. दुसरा १९६२ साली ओळखला गेला, तिसरा २००० साली. हे तीन प्रकार म्हणजे तीन रंगांचे फेटे बांधलेले वारकरी समजा. आपली गोष्ट सारी या फेट्यांच्या रंगाची आहे.

सूर्यातून येणारे न्यूट्रिनो किती? आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेतून दर सेकंदाला सुमारे ६५ अब्ज. रात्रीसुद्धा तितकेच, कारण सूर्य पायाखाली गेला तरी ते पृथ्वी भेदून वर येतात. तारापूरच्या अणुभट्ट्यांतूनही त्यांचे प्रतिकण निघतात, आणि त्यांतले काही आता या सभामंडपातूनही जात आहेत. आपल्याला त्यांचा उपद्रव नाही आणि त्यांना आपला नाही.

कोलारच्या खाणीत

असा कण पकडायचा तर गोंगाटापासून दूर जावे लागते. आकाशातून विश्वकिरणांचा मारा सतत चालू असतो आणि त्यातले म्यूऑन यंत्रांत नोंदी करून ठेवतात. त्या गर्दीत न्यूट्रिनोची एखादी नोंद ओळखू येणे शक्य नाही. उपाय एकच, जमिनीखाली खोल जाणे. खडक म्यूऑनना अडवतो, न्यूट्रिनोला अडवत नाही. आपल्या देशात इतकी खोल जागा कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणींत होती. होमी भाभा यांच्या प्रेरणेने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील बी. व्ही. श्रीकंठन १९५०च्या दशकाच्या आरंभीच तेथे उतरले होते. १९६५ साली याच संस्थेच्या गटाने जपानच्या ओसाका व इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांतील सहकाऱ्यांसह सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर यंत्रे मांडली. चिखलदऱ्याचे वैराट शिखर समुद्रसपाटीपासून जेवढे उंच आहे, त्याच्या दुप्पट ही खोली समजा.

तेथे त्यांना म्यूऑनच्या मोजक्याच नोंदी मिळाल्या. आता पहिला प्रश्न हाच की, हे म्यूऑन न्यूट्रिनोंनी खडकात निर्माण केले कशावरून? वरून आलेलेच कशावरून नसतील? याची तजवीज शास्त्रज्ञांनी आधीच करून ठेवली होती. त्यांनी आपली यंत्रे भिंतींसारखी उभी मांडली होती, म्हणजे आडवे येणारे कण पकडावेत. वरून येणाऱ्या म्यूऑनला सव्वादोन किलोमीटर खडक ओलांडावा लागतो. आडवे यायचे तर त्याच्या कितीतरी पट. तेवढा खडक ओलांडणारा म्यूऑन नाही. म्हणून आडवी नोंद आली की तिचा जनक न्यूट्रिनोच. हा निबंध १९६५च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत राइनेस यांचा गटही त्याच कामावर होता, आणि त्यांचाही निबंध त्याच महिन्यात आला. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची जगातील पहिली नोंद ती हीच.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कोलारला सोन्याची, दक्षिण आफ्रिकेत सोन्याची, अमेरिकेत होमस्टेकला सोन्याची, कॅनडात निकेलची, जपानमध्ये कामिओका येथे जस्ताची; न्यूट्रिनोचे शास्त्र उभे राहिले ते अशा खाणींत. ते बोगदे शास्त्रज्ञांनी खणलेले नव्हते. कोलारमध्ये खोलीवर खडकाच्या दाबाने कडा फुटून माणसे मेली आहेत. निबंधावर त्यांची नावे नसतात, ते चालायचेच. परंतु व्याख्यानात त्यांची आठवण काढायला हरकत नसावी.

चौकशीचा नियम

कोलारचे शास्त्रज्ञ "कशावरून?" हा जो प्रश्न स्वतःलाच विचारीत होते, तो आमच्या धंद्यातही रोज विचारावा लागतो. एक उदाहरण देतो.

आपल्या वऱ्हाडात काही वर्षांपूर्वी एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात ऐन उन्हाळ्यात गोदामातल्या गाठी पुन्हा तोलल्या, तेव्हा वजन कमी भरले. रुईची गाठ साधारण १७० किलोची. प्रत्येकी चार-पाच किलोंची घट दिसली. लगोलग चौकीदारावर आणि हमालांवर चोरीचा आरोप आला. आता चोरीने वजन कमी होते हे खरेच आहे. आरोपाने घटीचा खुलासा होत होता. पण एखाद्या खुलाशाने गोष्ट समजते एवढ्यावरून तो खरा ठरत नाही, कारण दुसऱ्या खुलाशांनीही तीच गोष्ट समजत असते. काटा बिघडला असेल तरी वजन कमी दिसेल. रुईतली ओल उडाली असेल तरी कमी दिसेल. ओल आठ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आली तर १७० किलोच्या गाठीत पाच किलोंहून अधिक घट येते.

तेव्हा आम्ही असे विचारले की, या तिन्ही खुलाशांत वेगवेगळे काय दिसायला हवे? काटा खोटा असेल तर प्रमाणित वजने ठेवताच कळेल. चोरी असेल तर काही गाठी फोडलेल्या सापडतील, पट्ट्या सैल दिसतील, घट कोठे जास्त कोठे कमी राहील. ओल असेल तर सगळ्या गाठींत घट सारखी येईल, आणि पावसाळ्यात त्याच गाठी पुन्हा जड भरतील. चौकशीला मुदत मागितली. ऑगस्टात गाठी तोलल्या, तर वजन बरेचसे परत आलेले. तेव्हा एका म्हाताऱ्या हमालाने चौकशी अधिकाऱ्याला विचारले, "साहेब, चोरलेली रुई पावसाळ्यात वापस येते काय?" आरोप मागे घ्यावा लागला.

गेलेले परत येते की नाही, हा त्या चौकशीतला निर्णायक प्रश्न होता. न्यूट्रिनोंच्या चौकशीतही शेवटी तोच निर्णायक ठरला.

दोन आरोपी, दोघेही निर्दोष

पहिली तूट सूर्याच्या हिशेबात आली. अमेरिकेत रेमंड डेव्हिस यांनी होमस्टेकच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खाली ६१५ टन द्रवाची टाकी बसविली. हा द्रव म्हणजे कपडे धुण्याच्या लाँड्रीत वापरतात तो, भरपूर क्लोरीन असलेला. सूर्याचा इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आदळला तर त्याचा अरगॉन होतो. जॉन बाकॉल यांनी सूर्याच्या गर्भातील उष्णतेवरून आकडेमोड केली, तीप्रमाणे दिवसाला सुमारे दीड अणू तयार व्हायला हवा होता. डेव्हिस यांना मिळाला सरासरी अर्धा. १९६८ साली पहिला निकाल आला. पुढे पाव शतक मोजणी चालली तरी तो एक तृतीयांशच राहिला.

लोकांनी स्वाभाविकपणे दोघांवर संशय घेतला. कोणी म्हणाले, सहाशे टनांच्या टाकीतून दोन-चार अणू वेचून काढणे म्हणजे थट्टा. डेव्हिस यांच्या हातून अणू निसटत असतील. डेव्हिस यांनी मोजून अरगॉन टाकीत सोडला आणि जवळजवळ सगळा परत काढून दाखविला. दुसरे म्हणाले, सूर्याच्या पोटात कोण गेले होते? तेथील उष्णता थोडी कमी धरली की न्यूट्रिनो कमी होतील आणि हिशेब जुळेल. याचीही तपासणी झाली. सूर्याचा पृष्ठभाग मंदपणे थरथरत असतो. घंटेच्या नादावरून तिचा धातू ओळखावा तसे या थरथरीवरून सूर्याच्या अंतर्भागाचे अनुमान करता येते, आणि १९९०च्या दशकात ते बाकॉल यांच्या आकड्यांशी उत्तम जुळले.

म्हणजे मोजणारा खरा होता आणि हिशेब करणाराही खरा होता. दोन जबान्या जुळत नसल्या की त्यांतली एक खोटी असलीच पाहिजे, असे आपण धरून चालतो. येथे दोन्ही खऱ्या होत्या. बदल वाटेत घडत होता.

हा तिसरा खुलासा १९५७ सालापासून ब्रूनो पाँटेकॉर्व्हो मांडीत आले होते, आणि १९६२ साली माकी, नाकागावा व साकाटा या जपानी शास्त्रज्ञांनी त्याला वेगळे रूप दिले. न्यूट्रिनो वाटचालीत आपला प्रकार बदलतो, पुन्हा मूळ प्रकारावर येतो, पुन्हा बदलतो. यालाच न्यूट्रिनोचे दोलन म्हणतात. डेव्हिस यांची टाकी फक्त एका रंगाचे फेटे मोजणारी. रंग बदलून आलेले तिच्या हिशेबी गैरहजर.

हे दोलन कसे होते, हे समजायला भजनातली पेटी आठवा. पेटीतले दोन सूर अगदी थोड्या फरकाने बेसुरे असले तर आवाज लाटेसारखा वाढतो आणि ओसरतो. एकेक प्रकारचा न्यूट्रिनो हा असाच किंचित वेगवेगळ्या वस्तुमानांच्या सुरांचा मेळ आहे. ते सूर वाटेत मागेपुढे होतात आणि मेळाचा रंग बदलत जातो. वस्तुमान मुळीच नसते, तर सुरांत फरक पडला नसता आणि दोलनही झाले नसते. म्हणून दोलन सिद्ध झाले तर न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हेही सिद्ध होते. प्रस्थापित सिद्धान्तात ते शून्य धरलेले होते. इतके मोठे काही पणाला लागलेले असताना "जुळते बुवा" एवढ्यावर भागणार नव्हते.

वातावरणातील तूट

१९८०च्या सुमारास जगभर दुसराच शोध चालू होता: प्रोटॉन कधी मोडतो का? त्यासाठी कोलारला १४० टनांचे लोखंडी यंत्र बसले, आणि कामिओका येथे तीन हजार टन पाण्याची टाकी. कोलारच्या गटाला काही नोंदी प्रोटॉन मोडल्यासारख्या वाटल्या. पण न्यूट्रिनोही तशा खुणा उमटवू शकतो, आणि मोठ्या यंत्रांना प्रोटॉन मोडल्याचे दिसले नाही. तो प्रश्न तेथेच राहिला. मात्र न्यूट्रिनोंचा जो गोंगाट वजा करायचा म्हणून मोजला, त्यातच नवे कोडे निघाले. म्यूऑन-न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा कमी भरले.

मग कामिओकाला ५० हजार टन पाण्याचे सुपर-कामिओकांडे बांधण्यात आले आणि १९९६ साली चालू झाले. विश्वकिरण पृथ्वीवर सर्व बाजूंनी सारखेच पडतात. म्हणून वरून येणारे आणि पायाखालून येणारे न्यूट्रिनो सारखे असायला हवेत. मूळ संख्या चुकली असली तरी दोन्हींकडे सारखीच चुकेल. फरक आहे तो वाटेचा. वरून येणारा पंधरा-वीस किलोमीटर चाललेला असतो, अमरावतीहून बडनेरा ओलांडून थोडे पुढे जावे एवढा. खालून येणारा पृथ्वी भेदून जवळजवळ १३ हजार किलोमीटर. १९९८च्या जूनमध्ये ताकाकी काजिता यांनी निकाल सांगितला. म्यूऑन-न्यूट्रिनो खालून आलेले वरून आलेल्यांच्या निम्मेच होते. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंत असा भेद नव्हता.

आकडेमोडीच्या चुकीचा संशय येथे मिटला. लांब चालून आलेल्यांतच काही तरी घडते, हे निश्चित झाले. मात्र जे घडते ते दोलनच आहे, हे अद्याप ठरायचे होते.

संशयित एकेक

त्या वेळी कोणते कोणते खुलासे समोर होते ते पाहा.

पहिला, क्षय. न्यूट्रिनो वाटेत मोडून नाहीसा होत असेल. लांब चालणारा अधिक मोडेल, जवळचा टिकेल. वरखालचा भेद यानेही समजतो. १९९९ साली हा खुलासा बार्गर, लर्नेड, पाकवासा व वाइलर या चौघांनी मांडला. यांतले संदीप पाकवासा मूळचे भारतीय, हवाई विद्यापीठातले. आणि जॉन लर्नेड तर सुपर-कामिओकांडेच्याच गटातले. स्वतःच्या गटाच्या निकालासमोर दुसरा खुलासा उभा करणारा माणूस गटातच असणे, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच सुमारास आपल्या देशात संध्या चौबे व श्रुबाबती गोस्वामी या संशोधिकांनीही क्षयाचा खुलासा खरोखर बाद झाला आहे काय, हे आकडे घेऊन तपासले.

दुसरा, मेळ विस्कटणे. पेटीचे दोन सूर काही कारणाने आपला परस्पर ठेका गमावून बसले, तर लाटा विरून जातील आणि सारे निम्म्यावर स्थिरावेल.

तिसरा, दोलनच, पण वेगळ्या नियमाने. गुरुत्वाकर्षण सर्व प्रकारच्या न्यूट्रिनोंवर सारखे चालत नसेल, अथवा आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत बारीक भेग असेल. अशा वेळी अधिक ऊर्जेचा न्यूट्रिनो लवकर बदलेल. बदल अंतर गुणिले ऊर्जा या आकड्यावर ठरेल. वस्तुमानाच्या दोलनात याच्या उलट, अधिक ऊर्जेच्या न्यूट्रिनोला बदलायला अधिक वाट लागते. तेथे अंतर भागिले ऊर्जा हा आकडा चालतो.

चौथा, न्यूट्रिनो बदलत असेल, पण कशाशीच न झगडणाऱ्या एखाद्या चौथ्या, अज्ञात प्रकारात.

पाचवा सूर्यापुरता: सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात न्यूट्रिनोची फिरकी उलटत असेल, म्हणून तो यंत्रांना दिसत नसेल.

हे सारे खुलासे विद्वानांचे होते आणि प्रत्येकाने घट समजत होती. प्रत्येकापाशी वेगळे काय दिसेल, ते शोधणे हेच काम उरले.

पुरावा

गुणाकार की भागाकार, हा प्रश्न आधी सुटला. सुपर-कामिओकांडेजवळ कमी ऊर्जेपासून फार मोठ्या ऊर्जेपर्यंतच्या नोंदी होत्या. त्या मांडून पाहता भागाकाराचा नियम जुळला, गुणाकाराचा जुळेना. तिसरा खुलासा मुख्य कारण म्हणून मागे पडला.

मग कॅनडात सडबरी येथे निकेलच्या खाणीत दोन किलोमीटर खाली, आर्थर मॅकडोनाल्ड यांच्या नेतृत्वाखाली, एक हजार टन जड पाणी वापरून प्रयोग झाला. जड पाण्याची खुबी अशी की त्यात एका प्रकारची नोंद फक्त इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो करतो, तर दुसऱ्या प्रकारची नोंद तिन्ही प्रकार सारखीच करतात. म्हणजे दारावर दोन कारकून बसविले: एक भगवे फेटे मोजणारा, दुसरा फेटा न पाहता डोकी मोजणारा. २००२ साली हिशेब आला. दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो १७.६ लाख, तिन्ही मिळून ५०.९ लाख. बाकॉल यांच्या सूर्याच्या नमुन्याचा आकडा होता ५०.५ लाख. डोकी पुरी होती, फेट्यांचे रंग बदलले होते. वाटेत मोडून नाहीसे झाले असते, किंवा सारे अज्ञात प्रकारात दडले असते, तर डोकी पुरी भरली नसती. त्याच वर्षी डेव्हिस यांना वयाच्या ८८व्या वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. बाकॉल यांना ते मिळाले नाही, पण तीस वर्षे त्यांच्या गणितावर असलेला डाग पुसला गेला.

चुंबकीय क्षेत्राचा खुलासा जमिनीवरच तपासला गेला. जपानमध्ये कॅमलँड या प्रयोगाने अणुभट्ट्यांतून निघणारे प्रतिन्यूट्रिनो सरासरी १८० किलोमीटरवर मोजले, म्हणजे बडनेऱ्याहून नागपूरपर्यंत जावे साधारण तेवढ्या अंतरावर. या वाटेवर सूर्यासारखे चुंबकीय क्षेत्र नाही. तरीही २००२च्या निकालात सुमारे ८७ नोंदींच्या जागी ५४च भरल्या. सूर्याच्या चुंबकत्वावर दोष ठेवायला मग जागा राहिली नाही.

आता उरले वातावरणातील न्यूट्रिनोंपुरते दोन चिवट संशयित, क्षय आणि मेळ विस्कटणे. येथे आपल्या म्हाताऱ्या हमालाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अंतर भागिले ऊर्जा हा आकडा वाढवीत न्या आणि किती न्यूट्रिनो टिकले ते पाहत जा. क्षय असेल तर संख्या उतरत जाईल आणि परत कधी चढणार नाही. मेळ विस्कटत असेल तर ती निम्म्यावर येऊन सपाट होईल. दोलन असेल तर आधी खोल खड्डा पडेल आणि त्यानंतर संख्या पुन्हा वर येईल. अडचण अशी की न्यूट्रिनोची दिशा व ऊर्जा अचूक कळत नाही, आणि या धूसरपणात खड्डा भरून गेल्यासारखा दिसतो. म्हणून सुपर-कामिओकांडेच्या गटाने हजारो नोंदींतून ज्यांचे अंतर व ऊर्जा भरवशाने कळतात तेवढ्याच निवडल्या आणि २००४ साली पुन्हा आलेख काढला. एकक ऊर्जेला सुमारे ५०० किलोमीटर या जागी खड्डा पडलेला होता, आणि त्याच्या पलीकडे संख्या वर आलेली होती. दोलनाने खड्डा जेथे सांगितला होता तेथेच तो निघाला. क्षय किंवा विस्कटणे खरे असते, तर असा आलेख निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. पुढे कॅमलँडने २००८ साली अणुभट्ट्यांच्या प्रतिन्यूट्रिनोंत ही चढउतार जवळजवळ दोन फेरे स्पष्ट दाखविली.

गेलेले परत आले होते. मोडलेला कण परत येत नाही.

शेवटचा दुवा इटलीत जुळला. युरोपच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले म्यूऑन-न्यूट्रिनो ७३० किलोमीटरवर ग्रान सासो येथे पाहिले असता त्यांतले काही टाऊ-न्यूट्रिनो होऊन आलेले सापडले. पहिला २०१० साली, आणि २०१८च्या अखेरच्या हिशेबात असे दहा. बदललेल्या फेट्यासह माणूसच पकडला गेला. काजिता व मॅकडोनाल्ड यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चौकशी चालू आहे

खुलासा मान्य झाला म्हणजे तपासणी संपली, असे या लोकांत नाही. मुख्य कारण दोलन आहे. पण त्यासोबत थोडासा क्षय, थोडे विस्कटणे, एखादे अज्ञात बल नाहीच, हे कोणी म्हणावे? अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील अंजन जोशीपुरा व सुभेंद्र मोहंती यांनी २००४ साली, सूर्यातील इलेक्ट्रॉनांचे एखादे लांब पल्ल्याचे बल न्यूट्रिनोंवर चालत असेल तर ते जास्तीत जास्त किती असू शकेल, याची मर्यादा वातावरणातील न्यूट्रिनोंवरूनच काढली. गॅलियम धातूवर केलेल्या प्रयोगांत सुमारे वीस टक्क्यांची एक घट २०२२ साली पुन्हा दिसली. तिचा समाधानकारक खुलासा झालेला नाही. तीन वस्तुमानांत सर्वांत जड कोणते, हा प्रश्नही आहेच. चीनमध्ये त्यासाठी २० हजार टनांचा जुनो प्रयोग २०२५ साली चालू झाला.

याच प्रश्नासाठी आपल्याकडे तमिळनाडूत थेनीजवळच्या डोंगरात ५० हजार टन चुंबकीय लोखंडाचे यंत्र उभारायचे ठरले होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५च्या जानेवारीत मंजुरी दिली. पाणी, जंगल आणि डोंगर यांविषयी तेथील लोकांनी हरकत घेतली, खटले झाले, २०२२ साली तमिळनाडू सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदविला. मदुराईला ८५ टनांचे लहान यंत्र मात्र उभे राहिले. लोकांना अडाणी म्हणून भागणार नाही. "कशावरून?" हा प्रश्न शास्त्रज्ञाने विचारला तर ती शंका आणि शेतकऱ्याने विचारला तर तो अडथळा, असे दोन न्याय असू नयेत. त्यांना वेळेवर, त्यांच्या भाषेत, समोर बसून उत्तर मिळायला हवे होते.

कोलारचे काय झाले, हेही सांगतो. तेथील प्रयोग १९९०च्या दशकाच्या आरंभी थांबले. खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. तोटा होतो, हा बंद करण्याचा खुलासा होता. तोट्याला आणखी कोणती कारणे आहेत, जुन्या बोगद्यांचा, तेथे उतरणाऱ्या हातांचा दुसरा काही उपयोग आहे काय, याची चौकशी न्यूट्रिनोंच्या चौकशीच्या निम्म्याने जरी चिकाटीने झाली असती, तर निदान कामगारांना आपला विचार झाला असे वाटले असते. आपल्या वऱ्हाडातही गिरण्या बंद पडल्या तेव्हा एकच एक कारण सांगण्यात आले आणि आपण ते ऐकून घेतले.

तेव्हा श्रोतेहो, माझे मागणे मोठे नाही. कोणतीही घट समोर आली, मग ती रेशनच्या धान्यातली असो, शाळेच्या पटावरची असो की विहिरीच्या पाण्यातली असो, पहिला खुलासा ऐकून उठू नये. आणखी कोणते खुलासे शक्य आहेत ते कागदावर मांडावेत, प्रत्येकात वेगळे काय दिसेल ते लिहावे, आणि मग तोलून पाहावे. यासाठी खाणीत उतरावे लागत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो, आणि तोवर कोणाला चोर म्हणण्याची घाई आवरावी लागते.